साठवणीचं पाणी

आर. के. पुरम, नवी दिल्ली
फेब्रुवारी, सोमवार

प्रिय शुभदा,

तुझ्या प्रतीकच्या लग्नाची पत्रिका मिळाली. हरिदासराव स्वतः घेऊन आले होते. तू का आली नाहीस ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुझा निरोप मात्र त्यांनी शब्दशः दिला, की झालं गेलं विसरून मामा-मामी दोघांनी यायचं, मंगलाष्टकांच्या वेळी प्रतीकच्या मागे त्याचा मामाच उभा राहायला हवा. फोन करून उत्तर देता आलं असतं, पण मला फोनवर बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? सोलापूरला होस्टेलवर आपलं वाजलं की तू तासभर बोलायचीस आणि मी गप्प. मग दुसऱ्या दिवशी मी तुझ्या उशीखाली चिठ्ठी ठेवायचे. तू ती सगळ्या मुलींना दाखवायचीस, "मीनाक्षीबाईंचा अर्ज आलाय बघा." तर हा तसाच एक अर्ज समज. फक्त हा कुणाला दाखवावासा तुला वाटणार नाही.

आधी इकडची बातमी सांगते. साहेब जिवंत आहेत. तुला वाटलं असेल की केव्हाच गेले असतील, कारण तू मागच्या वेळी पाहिलंस तेव्हा ते टँकच्या वरच्या कडेला शेपूट वर करून तरंगत होते. आता टँकच्या तळाशी बसलेले असतात, दोन्ही बाजूंचे ते पिसांसारखे कल्ले पुन्हा लाल आणि झुपकेदार झाले आहेत. बोटाएवढा होता, आता माझ्या तळहाताएवढा आहे. तू त्याला कायम "पाल" म्हणायचीस. अक्षया तुला किती वेळा सांगायची, "आत्या, पाल नाही गं, सॅलमँडर आहे. हा जन्मभर पाण्यातच राहतो, तुझ्या भिंतीवर नाही चढणार." तू म्हणायचीस, "चार पाय आणि शेपूट असलेली ती पालच, मग पाण्यात असो नाहीतर संसदेत." सगळे हसायचे. मीही हसले आहे. नाव अक्षयानेच ठेवलं होतं. दिवसभर एका जागी बसतो, हलत नाही, आणि तोंड फक्त खायला उघडतो, म्हणून साहेब. सगळ्यात जास्त हसला होता तो तुझा दादा, बळवंत. मंत्रालयातून आला की बूट काढता काढता विचारायचा, "काय, साहेब सीटवर आहेत का?" आणि आतून अक्षया ओरडायची, "मीटिंगमध्ये आहेत, उद्या या!"

ह्या प्राण्याला थंड पाणी लागतं आणि दिल्लीच्या नळाचं पाणी त्याला चालत नाही. त्यातलं क्लोरीन त्याच्या कल्ल्यांना जाळतं. म्हणून आम्ही बाथरूमच्या कोपऱ्यात दोन बादल्या भरून ठेवायचो. पाणी दिवसभर तसंच राहिलं की क्लोरीन उडून जातं. अक्षयाने त्या बादल्यांवर माझी जुनी मलमलची ओढणी घट्ट ताणून बांधली होती, कारण डास तपासायला येणारी माणसं आमच्या कॉलनीत घरोघरी फिरतात आणि ती त्यांना भ्यायची. रोज एक बादली रिकामी व्हायची आणि परत भरायची. मी हे तुला का सांगते आहे, ते तुला कळलं असेल.

मागच्या जुलैत तिला गुरुग्रामच्या कंपनीत इंटर्नशिप मिळाली. रोज मेट्रोने जाऊन-येऊन करत होती, पण तूच म्हणालीस, पोरगी दमते, सोमवार ते शुक्रवार आमच्याकडेच राहू दे. मला किती बरं वाटलं होतं. तिच्यामागे साहेबांचं सगळं मी बघायचे. संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा तो तुझ्या बाल्कनीतून, तिथे वारा लागतो म्हणून. आधी, "आई, साहेब जेवले का?" मग स्वतःचं. एकदा तिने फोन वळवून तुझा तो कमळाचा टब दाखवला होता. "बघ, आत्याच्या कमळाला कळी आलीये."

सप्टेंबरात एका शुक्रवारी ती घरी आली, शनिवारी ताप चढला. पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस. कॉलनीतल्या डॉक्टरांनी व्हायरल असेल म्हणून सांगितलं, दोन-तीन दिवस बघू, नाही उतरला तर रक्त तपासू. ताप उतरला. मी मऊ वरण-भात केला. बळवंत ऑफिसला गेला. ती म्हणाली, "आई, पोटात दुखतंय," आणि मला वाटलं, बऱ्याच दिवसांनी जेवली म्हणून. डेंग्यूत ताप उतरतो तीच खरी धोक्याची वेळ असते, हे मला हॉस्पिटलमध्ये कळलं. तिथे नेलं तेव्हा तिचे हातपाय गार होते.

ती गेली त्या दिवशी घर तू हातात घेतलंस. मी तेव्हा मनातून तुझे आभार मानले होते, हेही लिहून ठेवते. माझ्यात उठायची ताकद नव्हती. घरात मयत झाली की साठवणीचं पाणी ओतून टाकायचं, हे तू बायकांना सांगितलंस. माठ ओतला, पिंप ओतलं, बादल्या ओतल्या. मग तू म्हणालीस, तो टँकही साठवणच आहे. तो मोरीत उपडा केला आणि थेट नळाखाली धरून भरला. त्या सकाळच्या नळाच्या पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास येत होता, तो आतल्या खोलीत मलाही आला होता. साहेबांना कुणीतरी डावाने परत आत टाकलं. मी ऐकत होते. उठले नाही.

ते मी मनात धरलं नसतं. रीत आहे, तू केलीस. मी स्वतःही दुसऱ्याच्या घरी हेच केलं असतं. पण बादल्या ओतताना तू ती ओढणी बाजूला केलीस आणि जे बोललीस ते सगळ्यांनी ऐकलं. "ह्याच बादल्यांनी घात केला गं माझ्या पोरीचा. पालीसाठी पाणी साठवलं आणि त्यात डास." बाहेर सतरंजीवर बळवंत बसला होता. दहाव्यापर्यंत जो जो भेटायला आला त्याला तू दारातच हे सांगितलंस. सोलापूरहून आलेल्या माझ्या चुलतभावालासुद्धा. मी तुला एकदाच म्हटलं, शुभदा, बादल्या झाकलेल्या होत्या, पाणी रोज बदलत होतं. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "असू दे गं, तुला आता काय कळतंय." सगळ्या बायकांनी माना हलवल्या.

तेराव्यानंतर बळवंत माझ्याशी हिंदीत बोलायला लागला. तू दिल्लीत इतकी वर्षं काढलीस, तुला ह्याचा अर्थ सांगायला नको. भाजीवाल्याशी, शिपायाशी, बसमध्ये आपण जसं बोलतो तसं. "चाबी कहाँ रखी है." "खाना ढक दो." भांडला असता तर मी उत्तर दिलं असतं. ह्या घरात फक्त मराठी बोलायची हा नियम त्यानेच केला होता, अक्षया शाळेत जायला लागली तेव्हा, पोरीचे शब्द हरवतात म्हणून. तिने "यार" म्हटलं तरी तो तिला थांबवायचा.

आणि साहेब आजारी पडले. आधी खाणं बंद केलं. मग कल्ले आखडले, पिसं गळावीत तसे, आणि त्यांच्यावर कापसासारखी पांढरी बुरशी आली. मी टँक झाकून कॅबमध्ये घालून एका जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. तिथे रांगेत सगळी कुत्री. डॉक्टर भला माणूस होता, स्पष्ट म्हणाला, "मॅडम, सच बताऊँ? इसको मैंने किताब में ही देखा है." पण त्याने माझ्यासमोर पुण्याच्या एका मित्राला फोन लावला आणि दोघांनी मिळून मला सगळं समजावून दिलं. टँकमधून काढायचा. प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात ठेवायचा आणि डबा फ्रिजमध्ये. हो, फ्रिजमध्ये. थंडीत बुरशी वाढत नाही आणि जनावर शांत राहतं. रोज डब्यातलं सगळं पाणी बदलायचं, तेही आधी त्याच फ्रिजमध्ये गार केलेलं. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवायचा, काढायचा. मधूनमधून कोऱ्या चहाच्या गार पाण्यात.

म्हणजे परत बादल्या भरणं आलं. मी पहिली बादली भरून ओढणी बांधली तेव्हा बळवंत बाथरूमच्या दारात उभा होता. तो जिना उतरून गेला. घरात पोरीचा फोटो हार घालून ठेवलेला आणि मी बिनसाखरेचा चहा गाळून त्या जनावरासाठी गार करत बसलेली. शेजारच्या बाई आल्या आणि तशाच परत गेल्या. एक दिवस बळवंतने दूध घ्यायला फ्रिज उघडला, डबा बघितला. "इसको हटाओ यहाँ से." मी म्हटलं, नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला नुसतं नाही म्हटलं असेल. त्याने दुधाची पिशवी उचलली आणि दूधही परत कधी त्या फ्रिजमध्ये ठेवलं नाही. रोज ताजं आणतो, उरलं तर ओतून देतो.

लोकांना वाटलं, लेकीची आठवण म्हणून करते आहे. मुळीच नाही. लेकीची आठवण यायला मला जनावर लागत नाही. तो मेला असता तर तुझी गोष्ट पुरी झाली असती, शुभदा. घरात पाल आणली, पालीने पोरीला खाल्लं, मग पालही मेली, आणि मीनाक्षी राहिली. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. गांडुळाचा तुकडा चिमट्यात धरून मी त्याच्या तोंडासमोर हलवत राहायचे, त्याने तोंड फिरवलं की परत हलवायचे, आणि मनात तुझं नाव घ्यायचे. लोक देवाचं घेतात तसं. पहिला तुकडा त्याने गिळला तेव्हा मला रडू आलं नाही. मला वाटलं, एक झालं. दिवाळी आम्हाला नव्हतीच. त्या दिवसांत सगळ्या कॉलनीत फटाके वाजत होते आणि मी कापसाच्या बोळ्याने त्याच्या कल्ल्यांवरची बुरशी अलगद सोडवत होते. थंडी पडली, पाणी आपोआप गार राहायला लागलं, तेव्हा त्याला परत टँकमध्ये सोडला.

आता हरिदासरावांचं सांगते. त्यांच्यावर रागावू नकोस, ते काही ठरवून आले नव्हते. पत्रिका दिली, निरोप दिला, चहा घेतला. टँकसमोर थांबले. साहेब काचेजवळ आले, माणूस दिसलं की येतात, खायला मिळेल म्हणून. हरिदासराव म्हणाले, "अरे, हा तर अक्षयाचा," आणि तिथेच खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "वहिनी, देवाने आमचं पोरगं वाचवलं आणि तुमचं नेलं, मला तुमच्याकडे बघवत नाही." मला वाटलं, वय झालं, काहीतरी बोलतायत. मी म्हटलं, प्रतीकला काय झालं होतं? "म्हणजे?" ते म्हणाले. त्यांना वाटत होतं आम्हाला माहीत आहे.

तुझ्या नवऱ्याने मला सांगितलं ते तुलाच परत सांगते, म्हणजे काय कळलं आहे आणि काय नाही ह्याचा तुला घोळ नको. अक्षया तुमच्याकडून निघाली त्याच्या आदल्या दिवशी प्रतीकचा रिपोर्ट आला होता. डेंग्यू. तिला तुम्ही सांगितलंत, दादाला साधा ताप आहे, त्याच्या खोलीत जाऊ नकोस. साधाच ताप, म्हणून तिनेही मला काही सांगितलं नाही. शनिवारी तो ॲडमिट झाला. आम्ही फोन केला तेव्हा तू म्हणालीस, तो बेंगळुरूला ऑफिसच्या कामाने गेलाय. त्याच आठवड्यात तुमच्या टॉवरमध्ये आणखी तिघांना झाला आणि तपासताना तुला स्वतःलाच अळ्या सापडल्या त्या तुझ्या कमळाच्या टबात. तू सोसायटीच्या स्वच्छता समितीची अध्यक्ष. लोकांच्या कुंड्यांखालच्या बशा काढायला लावणारी, लिफ्टमध्ये सूचना चिकटवणारी. तू टब ओतलास, कमळ कचऱ्यात टाकलंस आणि कुणाला कळू दिलं नाहीस. प्रतीकला घरी आणल्यावर तू त्याला सांगितलंस की मामा-मामींना सगळं माहीत आहे, पण त्यांच्यासमोर विषय काढू नकोस, त्यांची मुलगी गेली आणि तू वाचलास, त्यांना ऐकवणार नाही. म्हणून तो पोरगा आमच्याकडे यायचा बंद झाला. मी समजत होते, त्यालाही माझी किळस आली.

टबात डास झाले ह्याचा मी तुला दोष देत नाही. कुणाच्याही घरी होतात. पण एक फोन, शुभदा. शनिवारी तिला ताप चढल्याचं मी तुलाच पहिल्यांदा कळवलं होतं. तू म्हणालीस, "हवा बदलतेय, सगळीकडे व्हायरल आहे." त्या वेळी तुझा मुलगा सलाइनवर होता. तू तेव्हा खरं बोलली असतीस तर ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही, ते कुणीच म्हणू शकत नाही. पण मी तिला वरण-भात भरवत बसले नसते. मी तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले असते. आणि ती गेल्यावर तुला गप्प राहता आलं असतं. तू गप्पही राहिली नाहीस. स्वतःचा टब झाकायला माझ्या बादल्या उघड्या केल्यास.

हे कळल्यापासून मी बळवंतला काही बोललेले नाही. मी सांगून तो ऐकणार नाही, म्हणेल स्वतःला सोडवायला माझ्या बहिणीवर ढकलते आहे. हरिदासराव तुझ्या घरात राहतात, त्यांना तुझ्यासमोर बोलायला मी लावणार नाही. इकडे बळवंतने मुंबईला बदली मागितली आहे. एकट्याची. मला सांगितलं तेही हिंदीत. एप्रिलमध्ये ऑर्डर निघेल, मग क्वार्टर सोडायचं आणि मी सोलापूरला माझ्या भावाकडे जायचं, असं त्याने ठरवलं आहे. तेवीस-चोवीस वर्षांच्या संसाराचं तू एका वाक्यात हे केलंस. तूच जुळवलेला संसार. "माझा दादा मितभाषी आहे, तूही तशीच, छान जमेल," असं म्हणून तू मला ह्या शहरात आणलंस, आणि आपण आधी मैत्रिणी म्हणून मी तुला कधी वन्सं म्हटलं नाही.

आता ज्यासाठी लिहिलं ते. येत्या रविवारी दुपारी मी आमच्याकडे प्रतीकचं केळवण करते आहे. तू म्हणशील, वर्षाच्या आत ह्या घरात असलं काही करू नये. पण मामाकडचं केळवण चुकवू नये, हेही तूच म्हणत आलीस, आणि बळवंत पत्रिका बघून नुसती मान हलवून हो म्हणाला आहे. भाच्यासाठी तो बसेल. आमंत्रणं मी केली आहेत. अक्षया गेली त्या दिवशी आमच्या सतरंजीवर जे जे बसले होते त्या सगळ्यांना, एकालाही वगळलेलं नाही. श्रीखंड-पुरी आहे, मटकीची उसळ आहे. प्रतीकशी मी स्वतः बोलले, तो येतो म्हणाला. पानं मांडून झाली की बळवंत त्याच्यासमोर बसेल, तू शेजारी. प्रतीकच्या पानावर तूप वाढताना मी त्याला एकच गोष्ट विचारणार आहे, जी कुठलीही मामी विचारेल. बाळा, मागच्या सप्टेंबरात तू ॲडमिट होतास, आता पूर्ण बरा आहेस ना? तो हरिदासरावांवर गेला आहे, त्याला खोटं बोलता येत नाही. मला त्याहून एक शब्दही जास्त बोलावा लागणार नाही, आणि तुला माहीत आहे, मी बोलतही नाही. रविवारला अजून वेळ आहे. त्याआधी तू तुझ्या दादाला सगळं सांगितलंस, तुझ्या तोंडाने, समोर बसून, तर मी फक्त तूप वाढीन. माफीबद्दल माझ्याशी काही बोलू नकोस, ती माझ्याकडे नाही. पण जेवायला ये. न आलीस तरी मी विचारणारच आहे.

वाट पाहते आहे. तूच ह्या घरात आणलेली, म्हणून अजून तुझीच,

मीनाक्षी